चॅट्सवर्थची बाग एका दिवसात कशी बघावी?

प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा ऑगस्टमध्ये शेफिल्डला येणार आहेत, इंग्लंडमधल्या जुन्या हवेलीची ‘फॉर्मल गार्डन’ त्यांना दाखवायची आहे, जवळ म्हणून चॅट्सवर्थ ठरलंय. दिवस एकच. बाबांचे गुडघे दुखतात. आणि नकाशावर फुलांचे ताटवे नेमके कुठे आहेत ते सापडत नाही.

ताटव्यांपासून सुरुवात करू, कारण अपेक्षाभंग तिथेच होतो. फॉर्मल गार्डन म्हणजे फुलांची बाग नव्हे. ती रेषांची बाग असते. घराच्या मधल्या दारातून निघालेली सरळ रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना सारखीच मांडणी, कापून भिंतीसारखी केलेली झाडं, पायऱ्या, हौद आणि कारंजी. फुलं असतातच, पण ती दुय्यम. चॅट्सवर्थला तर रेषेच्याही आधी पाणी बघायचं असतं. पाण्याची वाट धरून चाललात तर १०५ एकरांची ही बाग एका दिवसात नीट उलगडते. नाहीतर दिवसभर पायपीट होते आणि संध्याकाळी ‘छान होतं, मोठं होतं’ एवढंच हाताला लागतं.

आधी थोडा इतिहास. तो माहीत नसला तर बागेत काय कशाशेजारी का आहे ते कळत नाही. डर्बिशरमध्ये डर्वेंट नदीच्या काठी, पूर्वेकडच्या टेकडीच्या पायथ्याशी हे घर आहे. ही जागा कॅव्हेंडिश घराण्याकडे १५४९ पासून आहे. याच घराण्यातल्या पहिल्या ड्यूकने (ड्यूक हा सरदारकीचा किताब) सतराव्या शतकाच्या शेवटी घर नव्याने बांधलं आणि जॉर्ज लंडन व हेन्री वाइज या त्या काळातल्या नामांकित जोडीकडून काटेकोर भौमितिक बाग करून घेतली. तुम्ही शोधताय ते ताटवे त्या बागेत होते. पुढे १७५० नंतर चौथ्या ड्यूकने ‘केपेबिलिटी’ ब्राउन या बागरचनाकाराला बोलावलं. त्याने त्या काळच्या चालीप्रमाणे बराचसा भूमितीचा पसारा पुसून टाकला आणि जिथे तिथे हिरवळ उतरवली. एकोणिसाव्या शतकात सहाव्या ड्यूकने जोसेफ पॅक्स्टनला मुख्य माळी नेमलं आणि त्याने खडकांची बाग, काचघरं, मोठं कारंजं यांची भर घातली. विसाव्या शतकात १९५० नंतर अकराव्या ड्यूकच्या काळात कुंपणांच्या आणि कापलेल्या झाडांच्या सरळ रेघा पुन्हा आल्या. म्हणजे आज दिसणारी बाग एका हातची नाही, चार थर एकमेकांत मिसळले आहेत. मूळ फॉर्मल बागेतलं जे ठळकपणे उरलं ते बहुतेक पाण्याचं: कॅस्केड म्हणजे पायऱ्यांवरून उतरणारं पाणी, लांब तळं, सी-हॉर्स कारंजं.

आता पाणी. टेकडीच्या माथ्यावरच्या माळावरून चर खणून पाणी तळ्यांत साठवलेलं आहे आणि तिथून नळांनी उताराने बागेत सोडलेलं आहे. मोठ्या कारंज्यांना पंप लागत नाही. कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी पुण्यात पाणी आणलं त्यामागचं तत्त्व हेच. फरक इतकाच की इथे उंची प्रचंड आहे. इथलं मोठं कारंजं म्हणजे एम्परर, त्याचं तळं कारंज्यापेक्षा सुमारे ३५० फूट, म्हणजे १०७ मीटर उंचावर आहे. दर दहा मीटरला साधारण एक बार दाब धरला तर खाली साडेदहा बारच्या आसपास दाब मिळतो. नळातलं घर्षण आणि हवेचा अडथळा वजा जाता पाणी किती चढावं? या कारंज्याची नोंदलेली कमाल उंची २९६ फूट आहे, म्हणजे ९० मीटर. पंपाचा जोर लावून नाही, नुसत्या उंचीच्या जोरावर.

हे कारंजं १८४४ चं. रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून पॅक्स्टनने सहा महिन्यांत वर तळं खणून घेतलं, रात्रीही मशालींच्या उजेडात काम चाललं. झार इंग्लंडला आला, चॅट्सवर्थला आलाच नाही. नाव मात्र ‘सम्राट’ राहिलं.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. कारंजं दिवसभर पूर्ण उंचीने उडेल असं धरून जाऊ नका. पाणी पावसाचं आणि साठवणीचं, त्यामुळे एरवी ते बेताच्या उंचीवर ठेवतात. उन्हाळा कोरडा गेला तर आणखी कमी. वारा जोराचा असला तरीही कमी करावं लागतं, नाहीतर फवारा रस्त्यावर आणि लोकांवर जातो. चालू-बंद करतानाही झडप सावकाश फिरवावी लागते. इतक्या लांबीच्या नळातलं वाहतं पाणी एकदम अडवलं तर त्याचा धक्का नळ फोडू शकतो. म्हणून आल्या आल्या दारावर विचारून घ्या: आज कोणती कारंजी चालू आहेत, किती वाजेपर्यंत? त्या उत्तरावर दिवसाचा क्रम ठरवा.

कॅस्केडचं तर जाण्याआधीच बघा. ही दगडी पायऱ्यांवरून उतरणारी पाण्याची माळ ग्रिये नावाच्या फ्रेंच जलतंत्रज्ञाने रचली. १६९६ मध्ये पहिल्यांदा पुरी झाली, पाच वर्षांनी मोठी करून पुन्हा बांधली. माथ्यावरचा छोटा मंडप १७०३ चा, टॉमस आर्चरचा. अलीकडच्या वर्षांत पायऱ्यांतून गळती फार वाढल्याने दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवावं लागलं. तीनशे वर्षांचं दगडकाम आहे, खालची माती सरकते, सांधे उघडतात आणि पाणी पायरीवरून जाण्याऐवजी पायरीखाली जातं. सध्याची स्थिती चॅट्सवर्थच्या संकेतस्थळावर बघून घ्या. कोरडी असली तरी चढून बघण्यासारखीच आहे. उलट कोरडी असताना एक गोष्ट नीट दिसते: पायऱ्यांचे २४ गट आहेत आणि प्रत्येकाची घडण थोडी वेगळी. कुठे पायरी रुंद, कुठे अरुंद, कुठे कड गोल, कुठे धारदार. पाणी वाहत असताना प्रत्येक गटाचा आवाज म्हणूनच वेगळा येतो. वाहतं असेल तर बाजूच्या हिरवळीवरून वर चढताना कॅमेरा खिशात ठेवा आणि कान द्या.

पायथ्याशी पोचलेलं पाणी एकदम नाहीसं होतं. लोक तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. ते पाणी जमिनीखालच्या नळाने दक्षिणेच्या हिरवळीवरच्या सी-हॉर्स कारंज्यात जातं, तिथून घराच्या पश्चिमेच्या कारंज्यात आणि शेवटी नदीत. त्याच पाण्याला तीनदा कामाला लावलंय. पहिल्या ड्यूकच्या माणसांची अक्कल इथे दिसते. प्रत्येक कारंज्याची पातळी आधीच्यापेक्षा खाली असली म्हणजे झालं.

मार्ग असा धरा. आत आल्यावर लगेच मोठ्या कारंज्याकडे जाऊ नका, तो देखावा शेवटी ठेवा. ब्रॉड वॉक या रुंद सरळ रस्त्याने थोडं चालून कॅस्केडच्या पायथ्याशी या. कॅस्केड आणि घर यांच्यामधली मोठी हिरवळ म्हणजे सॉल्सबरी लॉन्स, ब्राउनच्या काळातली. तिथे वाकून गवत बघा. त्यात शेवाळ आहे, बारीक रानफुलं आहेत, गालिच्यासारखं एकजात गवत नाही. तिथून मंडपापर्यंत चढा, मग वरच्या वाटेने दक्षिणेकडे: खडकांची बाग, विलो झाडाचं कारंजं, चक्रव्यूह, नागमोडी कुंपण, लांब तळ्याचं टोक आणि तळ्याच्या काठाने परत घराकडे. चढण सुरुवातीलाच संपते. पुढे उतार आणि सपाटी. न थांबता दीड तासात होईल, बघत बघत गेलात तर चार तास धरा. घर आतून बघायचं असेल तर आणखी दोन.

बाबांसाठी यात बदल करा. गुडघेदुखीत चढण्यापेक्षा उतरणं जास्त जाचतं, आणि कॅस्केडच्या बाजूची हिरवळ तिरपी आहे, पाऊस पडून गेला की निसरडीही होते. त्यांना कॅस्केड खालून दाखवा, मग ब्रॉड वॉकने सरळ दक्षिणेकडे न्या, दक्षिणेच्या हिरवळीवर बसवा आणि लांब तळ्याच्या काठाने जमेल तेवढं चालवा. हा भाग जवळजवळ सपाट आहे आणि खऱ्या अर्थाने फॉर्मल म्हणावा असा भागही हाच. म्हणजे ते काही कमी बघणार नाहीत. तुम्ही तेवढ्या वेळात वरून फिरून या.

विलो झाडाचं कारंजं नीट शोधा. खडकांच्या आडोशाला एक निष्पर्ण झाड उभं दिसतं, ते धातूचं आहे. फांद्याफांद्यांतून बारीक धारा सुटतात आणि जवळ गेलेला माणूस भिजतो. मूळ झाड १६९० च्या दशकातलं, आजचं नंतर घडवलेली प्रतिकृती. पाहुण्यांना भिजवण्याची ही थट्टा त्या काळी युरोपभर चालायची. १८३२ मध्ये तेरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया आली होती, तिला हे झाड फार आवडलं. मुलं बरोबर असतील तर जास्तीचे कपडे ठेवा.

चक्रव्यूहापाशी जरा रेंगाळा. चारी बाजूंना मातीचे बांध आणि जुन्या भिंती दिसतील. चक्रव्यूहाला त्यांची काहीच गरज नाही. त्या आहेत पॅक्स्टनच्या प्रचंड काचघराच्या, ग्रेट कन्झर्व्हेटरीच्या, पायाच्या. १८३६ ते १८४१ या काळात बांधलेलं हे काचघर २७७ फूट लांब आणि १२३ फूट रुंद होतं. आतून घोडागाडी जाऊ शकत असे. गरम ठेवायला जमिनीखाली आठ बॉयलर, आणि कोळसा पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून तो भुयारातून आणायचे. ते भुयार अजून आहे. पहिल्या महायुद्धात कोळसाही नव्हता आणि माणसंही नव्हती, आतली उष्ण प्रदेशातली झाडं मेली आणि १९२० मध्ये सुरुंग लावून काचघर पाडलं. त्या रिकाम्या पायात १९६२ मध्ये यू नावाची १,२०९ कुंपणाची झाडं लावून चक्रव्यूह केला. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे याच आवाराच्या टोकांना फुलं आहेत, जूनमध्ये ल्युपिन आणि ऑगस्टपासून डेलिया. आईला फुलं हवी असतील तर इथे आणि किचन गार्डनमध्ये न्या.

या काचघराच्या निमित्ताने आपल्याकडचा एक धागा सांगायलाच हवा. सहाव्या ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश. मॉरिशसहून आलेल्या केळीच्या जातीचं एक झाड पॅक्स्टनने चॅट्सवर्थच्या आधीच्या एका काचघरात वाढवलं, १८३५ मध्ये ते फुललं आणि मालकाच्या नावावरून तिला ‘कॅव्हेंडिश’ म्हणू लागले. जळगावची बसराई ही बुटकी कॅव्हेंडिश, आणि आज रावेर-यावलकडे जिकडेतिकडे दिसणारी ग्रँड नैनही याच गटातली. जळगावची केळी चॅट्सवर्थहून आली असा याचा अर्थ नाही. ही केळी आशियातलीच, इंग्लंडकडून मिळालं ते नाव. पण खानदेशातल्या कुणाला घेऊन जाणार असाल तर बागेतल्या आजच्या काचघरातलं केळीचं झाड बघितल्याशिवाय परतू नका. काचघर कधी उघडं असतं, कधी नसतं, तेही दारावरच विचारा. १८३५ मध्येच ड्यूकने जॉन गिब्सन या माळ्याला हिंदुस्थानात धाडलं होतं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून आणि खासी टेकड्यांतून त्याने ऑर्किडच्या शंभरावर जाती चॅट्सवर्थला आणल्या.

आता कापलेली झाडं, कारण ऑगस्टमध्ये तीच बघायची असतात. तीन झाडं ओळखता आली तरी पुरे. यू म्हणजे काळपट हिरव्या, सुईसारख्या पण मऊ पानांचं. जुन्या खोडावरही नवी पालवी फुटते, त्यामुळे खोलवर छाटलं तरी मरत नाही. शतकानुशतकं एकाच आकारात राहतं ते म्हणूनच. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या शेवटी कापतात. त्याचं लाल फळ दिसायला गोड आहे, पण बी, पानं, साल सगळं विषारी. लहान मुलांवर लक्ष ठेवा. बॉक्स बुटकं, गोल चकचकीत पानांचं, रांगोळीच्या रेघेसारख्या कडा करायला वापरतात. ब्रिटनभर त्याला बुरशीचा रोग आणि अळी लागली आहे. मधेच तपकिरी, पानं झडलेले पट्टे दिसले तर माळ्याचा आळस समजू नका. तिसरं बीच. नागमोडी कुंपण बीचचं आहे, १९५३ मध्ये लावलेलं. दोन भिंती सापासारख्या वळत जातात, अंतर कमी-जास्त होतं, आणि शेवटी सहाव्या ड्यूकचा अर्धपुतळा येतो. त्याच्या खालचा खांब ग्रीसमधल्या सुनिओनच्या मंदिराच्या तुकड्यांचा आहे. बीचची कापलेली कुंपणं हिवाळ्यात वाळकी पानं गाळत नाहीत, वसंतापर्यंत तांबूस राहतात.

दक्षिणेच्या हिरवळीच्या दोन्ही बाजूंना लाइम झाडांच्या दुहेरी ओळी आहेत, १९५२ च्या. हे लिंबू नव्हे, टिलिया वंशातलं युरोपातलं मोठं सावलीचं झाड. खोड माणसाच्या डोक्यावरपर्यंत मोकळं आणि वर फांद्या आडव्या तारांना बांधून पसरवलेल्या, म्हणजे पायांवर उभं कुंपण. हे काम हिवाळ्यात करतात, पानं नसताना कोणती फांदी वळवायची ते दिसतं. एकदा वळवली की संपलं असं नाही, दरवर्षी बाहेर आलेले शेंडे काढावेच लागतात. जवळ जाऊन फांद्यांच्या गाठी बघा. वर्षानुवर्षं त्याच जागी कापल्याने तिथे मुठीएवढे गोळे झालेले असतात.

ऑगस्टमध्ये यू आणि बीचची कापणी चालू असते, त्यामुळे काही कुंपणं केसाळ आणि काही धारदार दिसतील. अगदी रेखीव बाग हवी असेल तर सप्टेंबर उजवा. ऱ्होडोडेंड्रॉनसाठी मे ते जूनची सुरुवात, कमेलियासाठी मार्च.

लांब तळं १७०२-०३ मध्ये खणलेलं, २८७ मीटर लांब. त्याच्या दक्षिण टोकाला उभं राहून उत्तरेला बघा: समोर पाणी, पाण्यात एम्परर कारंजं, त्यामागे घराची दक्षिण बाजू, सगळं एका रेषेत. लंडन आणि वाइजच्या बागेची हाडं इथे दिसतात. फोटो दुपारी बारा ते तीनमध्ये काढा, सूर्य पाठीशी असतो. कॅस्केडचं गणित वेगळं. ते पूर्वेच्या टेकडीवरून पश्चिमेकडे उतरतं, म्हणून सकाळी खालून बघताना ऊन डोळ्यांवर येतं आणि दुपारनंतर पायऱ्या उजळतात.

तिकिटाचं: फक्त बागेचं आणि घरासह असं दोन्ही मिळतं. घरासह घ्या असं मी सुचवेन, वेळ असेल तर. फॉर्मल बागा वरून बघण्यासाठी रचलेल्या असतात, खिडकीतून बघितल्याशिवाय अर्धी रचना कळत नाही. पश्चिमेच्या बागेत सोनेरी बॉक्सच्या रेघांनी लंडनमधल्या चिझिक हाउसचा तळनकाशा काढलाय, तो जमिनीवरून नुसती झुडपं वाटतो. तिकीट आगाऊ ऑनलाइन काढा, गाडीने जाणार असाल तर पार्किंगसकट. आणि हे नॅशनल ट्रस्टचं, म्हणजे जुन्या वास्तू आणि बागा सांभाळणाऱ्या संस्थेचं, ठिकाण नाही. ट्रस्टचं सभासदत्व इथे चालत नाही, बरेचजण दारात येऊन हिरमुसतात. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला इथे कंट्री फेअर भरते, ते दिवस टाळा, बाग निवांत बघता येत नाही.

शेफिल्डहून बस आहे, रविवारची वेळ वेगळी बघा. रेल्वेने आलात तर चेस्टरफील्डला उतरून बस किंवा टॅक्सी. उन्हाळ्यात उजेड रात्री नऊपर्यंत असतो म्हणून दुपारी निघू नका, बाग संध्याकाळी लवकर बंद होते. दहा-साडेदहाला आत असा. डबा नेता येतो, हिरवळीवर बसून खाता येतं. पोळीभाजी न्या, पण बदकांपासून सांभाळा. बूट मागे पट्टी असलेले, रेनकोट सोबत. छत्री टेकडीवरच्या वाऱ्यात उलटते.

पैसे वाचवायचे असतील तर बागेच्या वरचं स्टँड वूड हे जंगल फुकट आहे. तिथे पाणी साठवणारी तळी, पॅक्स्टनने मुद्दाम पडक्यासारखा बांधलेला जलसेतू आणि १५८२ चा शिकारी मनोरा आहे. चढ खडा आहे, बाबांसाठी नाही.

आणि एक स्पष्ट मत. आई-बाबांना काटेकोर, मापात बसवलेली, एका नजरेत मावणारी फॉर्मल बागच बघायची असेल तर चॅट्सवर्थपेक्षा रेनिशॉ हॉल ही दुसरी हवेली जास्त समाधान देईल. शेफिल्डपासून जवळ आहे, यूच्या भिंती, इटालियन धर्तीचे चौक, पुतळे, सगळं बेताचं आणि गुडघ्यांना झेपेल असं. सगळे वार उघडं नसतं, तेवढं बघून ठरवा. दोन दिवस काढता आले तर आधी रेनिशॉ करा. तिथे रेषा डोळ्यांत बसल्या की चॅट्सवर्थला ब्राउनने काय पुसलं आणि काय पुसलं नाही ते आपोआप ओळखू येतं.